परदेशप्रवासाची आखणी : देश मोजावेत की रात्री?

निवृत्तीचे पैसे हाती आले, मुलांची लग्नकार्ये उरकली, की आजकाल पुष्कळ शिक्षक मंडळींच्या मनात एक विचार घोळू लागतो. एकदा युरोप पाहून यावा! ही हौस आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावचे कोणी जाऊन येतात, फोटो दाखवतात, आणि मग शेजारच्या घरीही बेत सुरू होतात. माझा विषय भूगोल. त्यामुळे अशा बेताचा कागद घेऊन पुष्कळ जण माझ्याकडे येतात. त्या कागदावर बहुधा असे काहीसे लिहिलेले असते : दिवस पंधरा, पॅरिस, ॲम्स्टरडॅम, कलोन, ल्युसर्न, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम. मोजून पाहा. शहरे सात आणि देश सहा!

नकाशावर ही सगळी गावे दोन-दोन, चार-चार बोटांच्या अंतरावर दिसतात, आणि म्हणूनच फसगत होते. पॅरिसपासून रोम हवेतून जवळजवळ अकराशे किलोमीटर आहे. मुंबईहून दिल्ली साधारण तेवढीच. शिवाय मध्ये आल्प्सची भिंत. मुंबई-दिल्लीच्या वाटेवर पंधरा दिवसांत सात शहरे पाहायची असे कोणी म्हणाले, तर आपण लगेच विचारू, की अहो, पाहणार केव्हा आणि गाडीत बसणार केव्हा? तोच प्रश्न इथेही विचारायला हवा. खर्च होणार तो जन्मभराच्या शिलकीतून, आणि बहुतेकांचे दुसऱ्यांदा जाणे होत नाही. तेव्हा कागदावरच कठोर व्हावे.

पहिली गोष्ट म्हणजे देश मोजू नका, रात्री मोजा. वारीत पालखीचा आज विसावा कोठे आणि मुक्काम कोठे, हे आधी ठरलेले असते आणि बाकी सर्व व्यवस्था त्या मुक्कामांवर बेतलेली असते. इथेही तसेच. समजा, आपण बुधवारी रात्री मुंबई सोडली. गुरुवारी पॅरिसला उतरलो. परतीचे विमान दुसऱ्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी. बुधवारी आपण घरी. तारखा पंधरा झाल्या खऱ्या, पण युरोपच्या जमिनीवर रात्री किती मिळाल्या? गुरुवारपासून सोमवारपर्यंत, म्हणजे बारा. पंधरा नव्हेत. आपली सारी पुंजी या बारा रात्रींची.

आता दुसरा हिशेब. एक मुक्काम हलवून दुसरीकडे जायचे म्हणजे सकाळी सामान बांधणे, खोली सोडणे, स्टेशन गाठणे, गाडी, पुन्हा नवे गाव, नवी खोली शोधणे. युरोपात बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोन-तीननंतरच ताब्यात मिळते. म्हणजे गाडीचा प्रवास दोनच तासांचा असला तरी अर्धा दिवस गेला असे धरावे. चार-पाच तासांचा असेल तर संध्याकाळचा एक फेरफटका सोडून सारा दिवस गेला. सात शहरे म्हणजे सहा वेळा बिऱ्हाड हलवणे. बारा रात्रींत सहा वेळा! उरले काय? गाडीच्या खिडकीतून दिसेल ते.

मग गाळायचे काय? इथे मंडळी हळवी होतात. मी सांगतो, नावे गाळू नका, आधी रस्ता पाहा. गाळायची नावे रस्ताच दाखवील. वरच्या कागदातील व्हिएन्ना घ्या. फार सुंदर शहर. पण झुरिकहून व्हिएन्नाला आगगाडीने जवळजवळ आठ तास, ल्युसर्नहून त्याहून थोडे अधिक. पुढे व्हिएन्नाहून व्हेनिसला पुन्हा साडेसात-आठ तास. म्हणजे या एका नावापायी पूर्ण दोन दिवस खर्ची पडले, ते शहर पाहण्याचे दिवस वेगळेच. व्हिएन्नाहून इटलीकडे रात्रीची गाडी असते, तिने एक दिवस वाचतो आणि हॉटेलची एक रात्रही वाचते. पण झोपण्याच्या जागेचे भाडे हॉटेलच्या खोलीइतके होऊ शकते, आणि साठीच्या माणसाला रात्रभर हलत्या डब्यात झोप लागली नाही, तर दुसरा दिवस गेलाच समजा. तरुणांनी खुशाल जावे. ॲम्स्टरडॅमचे पाहा. पॅरिसहून ते उत्तरेला आणि आपल्याला जायचे दक्षिणेला. म्हणजे वर जाऊन पुन्हा खाली यायचे. कलोन त्याच वाटेवर, म्हणून तेही त्याच्याबरोबर गेले. पुढे कधी बेल्जियम, हॉलंड आणि ऱ्हाईनकाठचा जर्मनी असा निराळा प्रवास केला, तर ही गावे त्यात अगदी जवळजवळ बसतात.

राहिले पॅरिस, ल्युसर्न, व्हेनिस आणि रोम. व्हेनिस ठेवावे की फ्लॉरेन्स, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. मात्र मिलान ते रोम या द्रुतगती गाड्यांच्या थेट मार्गावर फ्लॉरेन्स येते, व्हेनिस त्याला फाटा देऊन पूर्वेला आहे. मी फ्लॉरेन्सच्या बाजूचा. तेव्हा आपला मुक्कामांचा पट असा झाला : पॅरिसला चार रात्री, ल्युसर्नला तीन, फ्लॉरेन्सला दोन, रोमला तीन. बेरीज बारा. देश तीन, बिऱ्हाड हलवणे तीन वेळा.

विमानाचे तिकीट काढताना पुष्कळ लोक सवयीने जाऊन-येऊन एकाच शहराचे काढतात. मुंबई-पॅरिस, पॅरिस-मुंबई. मग रोम पाहून झाल्यावर केवळ परतीच्या विमानासाठी अकराशे किलोमीटर मागे यावे लागते. तसे करू नये. जाताना पॅरिसला उतरावे आणि परतताना रोमहून चढावे. तिकिटांच्या संकेतस्थळांवर ‘मल्टि-सिटी’ म्हणून सोय असते, ती हीच. दोन एकेरी तिकिटे वेगवेगळी काढण्यापेक्षा असे एकत्र तिकीट बहुधा स्वस्त पडते. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. मुंबईहून सुटणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतरची असतात. तिकिटावर गुरुवार पहाटे दीड वाजता असे असेल, तर विमानतळावर बुधवारी रात्रीच हजर व्हायचे असते. आणि नाव पासपोर्टवर आहे तसेच तिकिटावर असावे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते. ते एका कागदावर असते, दुसऱ्यावर गाळलेले असते, आणि ऐन वेळी तोंडचे पाणी पळते.

आता व्हिसाचे पाहू, कारण इथे मुक्कामांचा पट नुसता सोयीचा राहत नाही, तो कायद्याचा प्रश्न होतो. लक्झेंबर्गमधील शेंगेन या छोट्या गावी १९८५ साली पाच देशांनी आपसातील सीमेवरची तपासणी उठवण्याचा करार केला. आज त्या व्यवस्थेत एकोणतीस देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सभासद नाही, त्याचे चलनही युरो नव्हे तर फ्रँक. पण शेंगेनमध्ये तो आहे. त्यामुळे आपल्या तीन देशांना एकच व्हिसा पुरतो. मात्र तो मागायचा कोणत्या देशाकडे? पुष्कळांची समजूत अशी, की जिथे पहिले पाऊल पडणार तिथे. तसे नाही. एकाच कामासाठी, म्हणजे पर्यटनासाठी, जात असाल, तर ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा असतो. दोन देशांत सारखेच दिवस असतील तरच त्यांपैकी जिथे आधी प्रवेश होणार तो देश. आमच्या पटात फ्रान्सच्या चार रात्री आणि इटलीच्या पाच आहेत. म्हणजे उतरायचे पॅरिसला, पण अर्ज इटलीकडे. आता समजा, कोणी रोमची एक रात्र कमी करून पॅरिसला दिली. फ्रान्स पाच, इटली चार. लगेच अर्ज फ्रान्सकडे गेला! म्हणून म्हणतो, की मुक्काम पक्के केल्याशिवाय अर्जाला हात लावू नये, आणि अर्ज केल्यावर ‘एखादी रात्र इकडची तिकडे’ म्हणून सहज बदलू नये.

हा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी व्हावाच लागतो. निर्णयाला साधारणपणे पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत वाढू शकतात. उन्हाळ्याच्या सुटीत अर्ज-केंद्रात भेटीची वेळ मिळणेच कठीण होते, ते निराळे. जून २०२४ पासून प्रौढ माणसाला फी नव्वद युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने शिल्लक हवी. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर आपल्यासारख्या परक्या देशाच्या प्रवाशांचे फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. तेव्हा उतरल्यावर पहिल्या रांगेला थोडा वेळ धरून ठेवावा.

आणि लंडन? हा प्रश्न हमखास येतो. ‘पॅरिसहून सव्वादोन-अडीच तासांवर तर आहे, दोन दिवस जाऊन येऊ.’ गाडी खरोखरच तेवढ्या वेळात पोचते. पण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी. शिवाय आपला शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर लंडनला गेलात म्हणजे तो प्रवेश संपला. परत फ्रान्सच्या दारात उभे राहाल तेव्हा आत घेणार नाहीत. लंडन पाहायचेच असेल तर ते प्रवासाच्या आरंभी ठेवावे किंवा अखेरीला. मध्ये कधीही ठेवू नये.

आता वाहनांकडे वळू. विमान जलद आणि आगगाडी सावकाश, हे आपण शाळेत शिकवतो आणि ते खरेही आहे. पण प्रवासी विमानतळापासून विमानतळापर्यंत जात नसतो; तो खोलीपासून खोलीपर्यंत जातो. तेव्हा दारापासून दारापर्यंतचा वेळ मांडावा. पॅरिसहून ल्युसर्नला जायचे आहे. विमानाने झुरिक सव्वा तास. पण खोलीपासून विमानतळ एक तास, तिथे दोन तास आधी हजर, उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडायला पाऊण तास, झुरिकच्या विमानतळावरून ल्युसर्नला गाडीने आणखी एक-सव्वा तास. झाले सहा-सव्वासहा तास. आगगाडीचे पाहा. खोलीपासून गार द ल्याँ या स्टेशनला अर्धा तास, तिथे अर्धा तास आधी, मग बाझलपर्यंत सुमारे तीन तास, गाडी बदलून तासाभरात ल्युसर्न. मधले थांबणे धरून साडेचार तास. ल्युसर्नचे स्टेशन सरोवराच्या काठीच आहे. एकूण पावणेसहा. म्हणजे विमान काही जलद ठरले नाही, उलट चार ठिकाणी चढउतार आणि दोन तपासण्या झाल्या. गाडीत मात्र बॅग आपल्या डोक्यावर आणि बाहेर शेते.

स्वस्त विमानांबद्दल एक इशारा. जाहिरातीत ‘पॅरिस’ लिहिलेले असते, पण उतरवतात बोव्हे येथे, शहरापासून ऐंशीएक किलोमीटरवर. ‘मिलान’ म्हणून बेर्गामो, तेही पन्नासएक किलोमीटर दूर. तिथून बसचे भाडे, आणि बॅगेचे निराळे पैसे. सगळे मिळवले की स्वस्ताई उरते का, हे कागदावर मांडून पाहावे. याचा अर्थ विमान वाईट असे नव्हे. पॅरिसहून थेट रोमला जायचे असते, तर मी विमानच घ्या म्हणालो असतो, कारण आगगाडीला सारा दिवस लागतो. माझा ठोकताळा असा : गाडीत पाच-सहा तासांपर्यंत बसायचे असेल तर आगगाडी, त्याहून जास्त असेल तर विमान.

बसगाड्या सर्वांत स्वस्त. पॅरिसहून ॲम्स्टरडॅम गाडीने सव्वातीन-साडेतीन तास, तर बसने सातएक तास. विद्यार्थ्यांना ठीक. भाड्याची मोटार मात्र शहर ते शहर प्रवासाला घेऊ नये. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडायची म्हटले तर जबर आकार द्यावा लागतो, आणि इटलीच्या जुन्या शहरांत परवान्याशिवाय मोटार आत नेली तर कॅमेरा टिपतो आणि दंडाचा कागद मागाहून येतो.

आगगाडीची तिकिटे तिन्ही देशांत तीन तऱ्हेची आहेत, हे नीट समजून घ्यावे. फ्रान्सच्या द्रुतगती गाडीत डबा आणि जागा ठरलेली असते, आणि जसजसा दिवस जवळ येतो तसतसे भाडे चढत जाते. इटलीतही तसेच. स्वित्झर्लंडमध्ये मात्र देशांतर्गत गाडीचे साधे तिकीट त्या दिवशीच्या कोणत्याही गाडीला चालते. आरक्षण लागत नाही. मोठ्या शहरांमध्ये दर तासाला, कित्येक मार्गांवर दर अर्ध्या तासाला, ठरावीक मिनिटाला गाडी सुटते. म्हणून पॅरिसची गाडी बाझलला उशिरा पोचली, तर साधे तिकीट असल्यास चिंता नाही, पुढच्या गाडीत बसावे. पण उलट दिशेला काय होते पाहा. ल्युसर्नहून मिलान सव्वातीन-साडेतीन तास, तिथे गाडी बदलून फ्लॉरेन्स दोन तास. मिलानहून पुढचे स्वस्त तिकीट त्याच एका गाडीचे असते. पहिली गाडी रखडली आणि दुसरी चुकली, तर पैसे बुडाले. तेव्हा मिलानला निदान सव्वा तासाचे अंतर ठेवावे. इटलीत द्रुतगती गाड्या चालवणाऱ्या कंपन्याही दोन आहेत. एकीचे तिकीट दुसरीला चालत नाही. सुटण्याची वेळ आणि गाडीचा क्रमांक, दोन्ही पाहूनच चढावे.

ल्युसर्न-मिलान या वाटेवर गॉटहार्डचा पायथ्याचा बोगदा लागतो. सत्तावन्न किलोमीटर! २०१६ साली तो सुरू झाला. भूगोलाच्या शिक्षकांनी वर्गात हा जरूर सांगावा. ऑगस्ट २०२३ मध्ये या बोगद्यात मालगाडी रुळांवरून घसरली, आणि तो पूर्णपणे पूर्ववत सुरू व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला. त्या काळात उतारूंच्या गाड्या जुन्या डोंगरी मार्गाने जात आणि तासभर जास्त लागे. इतक्या शिस्तीच्या देशातही असे होते. प्रवासाच्या दिवशी संध्याकाळचे कोणतेही महागडे तिकीट काढून ठेवू नये, ते याचसाठी.

रेल्वेचा पास घ्यावा काय? युरेल नावाचा पास आपल्यासारख्यांना मिळतो, आणि तो ऐकायला फार मोहक असतो. पण फ्रान्स आणि इटलीच्या द्रुतगती गाड्यांना पासावरही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. आपले तर तीनच मोठे प्रवास आहेत. तिकिटे वेळेवर काढली तर बहुधा सुटी तिकिटेच परवडतात. वेळेवर म्हणजे मात्र व्हिसा हाती आल्यावर. आधी काढली तर स्वस्त, पण व्हिसा नाकारला तर बुडाली. ही ओढाताण आहे खरी. त्यावर माझी तोड अशी, की खोल्या रद्द करता येतील अशाच राखाव्यात, अर्ज लवकर करावा आणि व्हिसा येताच त्याच दिवशी गाड्यांची तिकिटे काढावीत.

वारांकडेही पाहावे. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, फ्लॉरेन्सचे उफीझी सोमवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद. आपल्या पटात लूव्रला शुक्रवार आहे, उफीझीलाही पुढचा शुक्रवार आणि व्हॅटिकनला सोमवार. जमले! ल्युसर्नला तीन रात्री दिल्या त्या चैनीसाठी नव्हेत. पिलाटस किंवा रिगीवर जायचे तर आकाश स्वच्छ हवे, आणि डोंगरात ढग कोणाला विचारून येत नाहीत. मधले दोन दिवस हाती असले, तर त्यांतला एक तरी उघडा मिळण्याची आशा असते. जूनमध्ये पॅरिसला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या आत. त्याच पैशांत दिवसाचा उजेड किती मिळतो, हेही पाहण्यासारखे आहे.

सामानाबद्दल एवढेच, की तिकडे हमाल असतील असे धरून चालू नये. भुयारी रेल्वेच्या पायऱ्या, दगडी फरसबंदीचे रस्ते आणि उंच पायरीचे डबे. जी बॅग घरच्या जिन्यावरून स्वतः उचलून नेता येते तीच घ्यावी. खोली स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांत असावी. तिथे थोडे जास्त भाडे गेले तरी चालेल. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, पण मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात. शाकाहारी मंडळींनी गाडीत बसण्यापूर्वी खाण्याचे बरोबर घ्यावे. सीमा उठल्या म्हणून पासपोर्ट बॅगेच्या तळाशी टाकू नये. गाडीत मधूनच तपासणी होते.

राहिला शेवटचा दिवस. रोमच्या तेर्मिनी स्टेशनहून फ्युमिचिनो विमानतळाला थेट गाडी बत्तीस मिनिटांत जाते. रोमला चांपिनो नावाचा दुसराही विमानतळ आहे, म्हणून तिकिटावरचे नाव आधी वाचावे. इटलीत रेल्वेचे संप होतात, पण ते बहुधा आधी जाहीर झालेले असतात. दोन दिवस आधी हॉटेलात चौकशी करावी. संपाच्या दिवशी टॅक्सी घ्यावी. जुन्या तटबंदीच्या आतून फ्युमिचिनोपर्यंतचे टॅक्सीचे भाडे नगरपालिकेने ठरवून दिलेले असते, ते चौकशी करताना विचारून घ्यावे आणि तेवढे युरो वेगळ्या पाकिटात बाजूला ठेवावेत.